खीरगंगा ते मंतलाई: शेटलर हरवला त्या वाटेने जाणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०१६च्या अखेरीस जस्टिन अलेक्झांडर शेटलर हा ३५ वर्षांचा अमेरिकन भटक्या एका साधूबरोबर हिमाचलातल्या पार्वती खोऱ्यातून मंतलाई तलावाकडे निघाला. साधू खाली आला, शेटलर आजतागायत सापडलेला नाही. रानात तग कसा धरायचा हे शिकवणारा हा माणूस होता, त्यामुळे 'नवखा होता, चुकला' असं म्हणून त्याचा विषय संपवता येत नाही. त्याच वाटेचा हा वृत्तांत, सप्टेंबरचा हंगाम धरून.

चंदीगडहून रात्रीची मनालीची बस धरली की सकाळी भुंतर. तिथून कसोल, मणिकरण करत बस बर्शैणीला पोचते. रोकड कसोलमध्येच काढून घ्या. बर्शैणीहून खीरगंगेला (सुमारे २९६० मीटर) दोन वाटा आहेत. नकथान गावातून रुद्रनागच्या धबधब्यावरून जाणारी वाट मळलेली आहे, चार-पाच तासांत वर नेते. दुसरी, कलगा गावावरून जाणारी वाट दाट देवदारातून जाते. तिला गुराढोरांच्या पायवाटा फुटतात आणि दुपारनंतर झाडीत अंधारून आलं की खरी वाट कुठली ते कळत नाही. एकट्याने तिकडून जाऊ नये. उतरताना तर नाहीच, कारण चुकीची पायवाट उतारावर सोपी वाटते आणि थेट नदीच्या कड्यावर आणून सोडते.

खीरगंगेला गरम पाण्याचं कुंड आहे. मुक्कामाचे नियम तिथे बदलत असतात, कसोललाच चौकशी करा. पुढचा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, म्हणून वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते. इथून वर गाव नाही, दुकान नाही, फोन लागत नाही. भेटलेच तर गद्दी मेंढपाळ, तेही सप्टेंबरअखेर खाली सरकतात.

पहिला मुक्काम टुंडा भुजला (सुमारे ३३०० मीटर), दुसरा ठाकुर कुआंला. जमतंय म्हणून दोन टप्पे एका दिवसात उरकू नका, पुढे उंची बाधते. ठाकुर कुआंजवळ डिबीबोकरीचा नाला पार्वतीला मिळतो आणि बऱ्याच ठिकाणी वाट नदीच्या अगदी वरून जाते. पाणी बर्फाचं. सकाळी गुडघ्याएवढा असलेला ओढा ऊन चढल्यावर दुपारी कमरेला लागतो, म्हणून सगळे ओढे दहाच्या आत ओलांडावेत. बूट काढू नका. सॅकचा कमरपट्टा मात्र सोडून ठेवा. पाय सुटला तर सॅक फेकून देता आली पाहिजे.

शेटलरच्या वस्तू याच पट्ट्यात नदीकाठी मिळाल्या: काठी, सॅकवरचं पावसाळी कव्हर, लायटर. तोवर ऑक्टोबर उजाडला होता. संशयावरून पकडलेल्या साधूचा कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांनी ती आत्महत्या असल्याचं सांगितलं. त्यानंतर त्याच्याकडून काही कळण्याची शक्यता संपली.

पांडुपूल म्हणजे नदीवर आडवे पडलेले अजस्र खडक. पावसात त्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा दोर लावल्याशिवाय पाऊल टाकू नये. पलीकडे ओडी थाचचं कुरण, मग दगडगोट्यांचा उतार चढून मंतलाई (सुमारे ४१०० मीटर). तलावाआधीच्या मैदानात प्रवाह रोज जागा बदलतात, त्यामुळे कालच्या पावलांवर विसंबू नका. धुकं उतरलं तर तंबू ठोका आणि थांबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निघताना शेटलरने लिहिलं होतं की सप्टेंबरच्या मध्यापर्यंत परतेन, नाही आलो तर शोधू नका. पुढे डोळा मिचकावणारा चेहरा. एवढ्याशा ढिल्या तारखेमुळे घरच्यांनी काळजी नेमकी कधी करायची तेच ठरत नाही. १९९०च्या दशकापासून या खोऱ्यात हरवलेल्या परदेशी तरुणांची यादी मोठी आहे, आणि २०१५मध्ये बेपत्ता झालेल्या २४ वर्षांच्या पोलिश तरुणासारख्या अनेकांच्या बाबतीत शोध सुरू होईपर्यंत माग थंड झालेला होता.

म्हणून एक कागद करा. त्यावर प्रत्येक रात्रीचा मुक्काम, बरोबरच्या गाईडचं नाव आणि फोन, रक्तगट, चालू औषधं, तंबूचा आणि सॅकचा रंग लिहा. निघतानाच्या कपड्यांतला फोटो जोडा आणि बुटाच्या तळव्याचाही. ओल्या मातीत ठसा ओळखायला तो लागतो. शेवटी 'अमुक तारखेला संध्याकाळी सहापर्यंत फोन नाही आला तर पोलिसांना कळवा' असं ठळक लिहा. एक प्रत घरी, एक मणिकरणच्या पोलिसांकडे, एक खीरगंगेच्या शेवटच्या ढाब्यावर. वाटेत बेत बदलला तर खाली जाणाऱ्या माणसाकडे चिठ्ठी द्या.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र नेऊ नका. परवानगीशिवाय ते बाळगणं भारतात गुन्हा आहे. डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटूला त्यावरूनच अडवलं होतं. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाबरोबर, मग तो कितीही श्रद्धेय वाटो, खीरगंगेच्या वर एकट्याने जाऊ नका. चरसच्या व्यवहारापासून चार हात लांब राहा.

सोबती दिसेनासा झाला तर सगळ्यांनी पांगून शोधायचं नाही. शेवटचा दिसला त्या जागी एकाने थांबावं, शिट्ट्या देत राहाव्यात, दोघांनी मिळून खाली निरोप न्यावा. घरच्यांनी मुंबई-पुण्याहून ११२ लावलं तर महाराष्ट्राचाच कक्ष उचलतो. कुल्लूच्या आपत्ती कक्षासाठी ०१९०२ लावून १०७७ फिरवा. आणि बर्शैणीला परत आलात की अंघोळ-जेवणाच्या आधी कागद ठेवलेल्या तिन्ही ठिकाणी कळवा, नाहीतर तुमच्यासाठी माणसं उगाच वर चढतील.