पायाला गार लागलं की

परवा दुपारी जेवण उरकून जरा पाठ टेकली तोच स्वयंपाकघरातून असा कर्कश आवाज सुरू झाला की मला वाटलं, कुकर गेला. मग आठवलं, कुकर तर सकाळीच घासून पालथा घातलाय. उठून बसेपर्यंत फोन. पुण्याहून लेक.

"आई, किचनमध्ये पाणी आहे!"

मी बेळगावात, टिळकवाडीत, स्वयंपाकघरापासून बारा पावलांवर. आणि माझ्या घरात पाणी आहे हे मला पुण्याहून कळतंय.

पाणी होतं खरं. चमचाभर. माठाच्या तिवईखाली.

तो आवाज करणारं यंत्र म्हणजे पाणी गळाल्याची वर्दी देणारी पेढ्याएवढी पांढरी डबी. पोटाशी धातूची दोन बारीक टोकं. पाणी पसरत येऊन दोन्ही टोकांना एकदम शिवलं की त्यातून वीज जाते आणि डबी बोंबलते. एवढंच काम. वायफाय असलं तर फोनवर निरोपही धाडते. पण पाणी कुठलं, फुटलेल्या पाइपचं, फरशी पुसल्याचं की माठाच्या घामाचं, याची चौकशी तिच्या गावी नाही. लेकीने चार डब्या पाठवल्या होत्या: सिंकखाली, गिझरखाली, वॉशिंग मशीनमागे आणि फिल्टरखाली. आता फिल्टर आणि माठ शेजारी शेजारी, त्याला मी काय करू? माठ पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं. अंगावरचा ओलावा वाऱ्याने उडतो आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातो. ज्याचं गळणं हाच गुण, त्याच्यावर पहारा बसवला तर दुसरं काय होणार.

डब्या आल्या त्याला कारण झालं होतं. गेल्या मे महिन्यात आम्ही चार दिवस सावंतवाडीला गेलो. दुसऱ्या दिवशी फिल्टरची पांढरी नळी, ती बोटभर जाडीचीही नसते, सांध्यातून निसटली. खालच्या मजल्यावरच्या अक्कांचा फोन आला तेव्हा मी आमरसाची वाटी पुढ्यात घेऊन बसलेली. "म्यालिंद नीर सोराकत्तावरी!" म्हणजे वरून पाणी गळतंय. अक्का घाबरल्या की त्यांचं मराठी पळून जातं, मी घाबरले की माझं कन्नड. त्यामुळे बराच वेळ आम्ही दोघी एकमेकींना नुसतं "नीर, नीर" म्हणत राहिलो. परत येऊन पाहिलं तर ओट्याखालची प्लायवूडची कपाटं पुरीसारखी फुगलेली, दारं लागेनात. भिंतीला कमरेपर्यंत ओल चढली होती. फरशीवरचं पाणी तासाभरात पुसून झालं. भिंतीतलं दिवाळीपर्यंत वाळत होतं. वाळलं तसे रंगाचे पोपडे आले आणि आतून पांढरा लोणा फुटला. अक्कांच्या हॉलच्या छताला पिवळा डाग पडला. त्याचा आकार कर्नाटकाच्या नकाशासारखा आहे असं यांचं म्हणणं. मी म्हटलं, हे अक्कांसमोर बोलू नका, आणि बाहेर तर मुळीच बोलू नका. आपल्या भागात नकाशा हा चेष्टेचा विषय नाही.

पण खरं नवल मला निराळंच वाटलं. बेळगावात पाण्याची इतकी नासाडी व्हावी, इतकं पाणी मुळात यावं! 2008 साली शहराच्या काही भागांत 24 तास पाण्याची योजना सुरू झाली तेव्हा बाकीचं गाव त्या भागांकडे कसं बघत होतं ते आठवतं. सोयरीक जुळवताना "त्यांच्याकडे चोवीस तास आहे" हे सोन्याच्या बरोबरीने सांगितलं जायचं. आमच्या वाट्याला ते सुख पुष्कळ उशिरा आलं. आता कळतं, जुन्या पद्धतीत एक भलं होतं. पाणीच दोन तास येणार, तर नळी फुटून फुटून वाहील किती? टाकी रिकामी झाली की संपलं. चोवीस तास पाणी म्हणजे गळतीही चोवीस तास.

लहानपणी बेळगावातल्याच शहापुरात आमच्या घरीही पाण्याची घंटा होती, पण ती पाणी आल्याची. पाणी चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्यात आठवड्याने, आणि बहुधा अपरात्री. झोपताना बाबा मोरीतला नळ पूर्ण उघडा ठेवायचे आणि त्याखाली जर्मनची परात पालथी घालायचे. सुलटी नाही, पालथी. सुलटीत नुसतं गळत राहतं, पालथीवर ताशा वाजतो. आधी नळ सुस्कारे टाकायचा. मग खोकायचा. मग तांबूस गढूळ चूळ थुंकायचा, आणि मग परातीवर जो कडकडाट व्हायचा त्याने अख्खी गल्ली उठायची, कारण घरोघरी परातीच. कुणी "आलं, आलं!" तर कुणी "नीर बंदावरी!" कन्नडात आमच्याकडे पाणी अनेकवचनी असतं, माणसांसारखं. "पाणी आले" म्हणावं तसं. आठवड्याने येणाऱ्याला तेवढा मान हवाच. आई पदर खोचून हंडे, कळशा, बंब, शेवटी वाट्यासुद्धा भरून ठेवायची. वाट्या भरायची तिची खोड पुढे गोव्यातल्या भावाच्या घरीही सुटली नाही. गावाला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप तलावाची पातळी तर आमच्याकडे क्रिकेटच्या धावांसारखी विचारतात. समुद्रसपाटीपासून 2475 फूट झालं म्हणजे तलाव भरला, हा आकडा शाळेतल्या कुठल्याही सनावळीपेक्षा पक्का पाठ.

अशा गावात वाढलेल्या बाईला पाणी दिसलं म्हणून किंचाळणारं यंत्र जरा आगाऊच वाटणार.

तरी पाण्याला भिणारं एक घर आमच्या गल्लीत होतं. समोरचे मामा. शहापूर-वडगावात तेव्हा घरोघरी माग. मामांचा खड्डामाग होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा, काठावर बसून पाय आत सोडायचे, खाली पावड्या, वर ताणा. सकाळी सातापासून धोट्याचा खट-खट आवाज, आणि मामांचे गुडघ्याखालचे पाय दिवसभर अंधारात. मी अभ्यासाच्या नावाखाली त्या खड्ड्याशी जाऊन बसायची. मामांचे पाय खाली काय करतात ते बघायला मला फार आवडायचं. वरचे हात घाईत, पण पाय कसे सावकाश, एक खाली एक वर, जणू दुसऱ्याच कुणाचे.

आषाढात पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नाही. कौलं गळायची त्याचं मामांना काही नव्हतं, गळणारं दिसतं, भांडं ठेवता येतं. भीती खालच्या पाण्याची. जमीन पाणी पिऊन तुडुंब झाली की खड्ड्याच्या तळाशी पाझर फुटतो. आवाज नाही, धार नाही. माती नुसती काळी होते, मग चमकायला लागते. मामी दिव्याने वाकून बघायची, तिला काही दिसायचं नाही. मामांना मात्र न बघता कळायचं. चालता माग एकदम थांबायचा. गल्लीत माग थांबल्याचा आवाज मोठा असतो.

"पायाला गार लागूलालंय," मामा म्हणायचे.

मग धावपळ. ताणा वर उचलून बांधायचा, सूत माळ्यावर, आणि आम्ही पोरं एकामागे एक उभी राहून तांब्या-तांब्याने खड्डा उपसायचो. अर्ध्या इंचाला जे ओळखायचे त्यांना कुठली डबी लागणार? काही वर्षांनी मामांनी खड्डा बुजवला, कारण पुसलं नाही मी. तोवर गल्लीत वीजमागांचा खडखडाट सुरू झाला होता, त्यात एक माग थांबला तर कळलंही नसतं.

माझीही एक खोड आहे, सांगून टाकते. रात्री निजण्याआधी घरातले सगळे नळ तपासल्याशिवाय मला झोप येत नाही. नुसते बघत नाही, दोन्ही हातांनी पिळते. मोरी, बाथरूम, बेसिन, गच्चीतला, मग पुन्हा मोरी. प्लंबर म्हणतो, "काकू, तुम्ही नळ बंद करत नाही, मान मुरगाळता. वायसर खाऊन टाकलाय सगळा." म्हणजे घरातले निम्मे नळ गळतात ते माझ्या काळजीने. मी त्याला दोन वायसर जास्तीचे आणून ठेव म्हणून सांगितलं. खोड जायची नाही, वायसर बदलता येतो.

तर परवा माठाखालची डबी उचलून फिल्टरच्या मागे सरकवली, लेकीला "काही नाही गं, माठ आहे" म्हणून सांगितलं, आणि का कोण जाणे, संध्याकाळी रिक्षा करून शहापूरला गेले. मामा आता ऐंशीच्या पुढे. साखरेचा आजार जुना. मामी गेल्या त्याला पाच वर्षं झाली. सून देवळात गेली होती, दार नुसतं लोटलेलं. हाक मारली तर न्हाणीतून "ये गं, पोरी" असा आवाज आला.

मामा पाटावर बसले होते. हातपाय धुवायला म्हणून आले असावेत, आणि बसल्या बसल्या डोळा लागला असावा. नळ चालूच होता. न्हाणीच्या जाळीवर कसलंतरी फडकं अडकलेलं, पाणी तुंबून पाटाच्या कडेला लागलं होतं. त्यांची पावलं घोट्यापर्यंत पाण्यात. राकसकोपचं पाणी, संध्याकाळचं, चांगलं गार.

"मामा, अहो पाणी!"

"कुठाय?" म्हणाले, आणि वर कौलांकडे बघायला लागले.

मी वाकून फडकं काढलं. नळ बंद केला, दोन्ही हातांनी.