एस्टेस पार्कला आरव्हीत, सासू-सासऱ्यांसह

सासू-सासरे सप्टेंबरात येणार हे ठरलं आणि नवऱ्याने आरव्हीचा, म्हणजे स्वयंपाकघर, बिछाने, संडास असं सगळं आत असलेल्या गाडीचा, विषय काढला. आम्ही डेन्व्हरच्या उपनगरात राहतो, त्यामुळे रॉकी माउंटन नॅशनल पार्क एका दिवसात पाहून परत येता येतं. पण आईबाबांना धावतपळत न्यायचं त्याला पटत नव्हतं. मला हॉटेल चाललं असतं. मात्र आईंना बाहेरचं जेवण सोसत नाही, त्यामुळे स्वयंपाकघर सोबत असेल म्हटल्यावर मी गप्प बसले.

पहिला प्रश्न मुक्कामाचा. उद्यानाच्या आत ग्लेशिअर बेसिन, ॲस्पेनग्लेन अशी कॅम्पग्राउंड आहेत. झाडी सुंदर, भाडंही कमी. पण तिथे वीज, पाणी, सांडपाणी यांची जोडणी मिळत नाही आणि जनरेटर ठरलेल्या वेळेतच लावता येतो. सप्टेंबरात रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, हीटरचा पंखा बॅटरीवर चालतो आणि बाबा रात्रीतून तीनदा उठतात. म्हणून आम्ही उद्यानालगतच्या एस्टेस पार्क गावातला ‘फुल हुकअप’, म्हणजे या तिन्ही जोडण्या देणारा आरव्ही पार्क घेतला. शेजारची गाडी हाताच्या अंतरावर असते, जंगलात असल्यासारखं अजिबात वाटत नाही. तरी घरातली वयस्कर माणसं सोबत असतील तर माझं मत पक्कं आहे: गावातच राहा.

बुकिंग करताना गाडीची लांबी विचारतात. ती मागच्या शिडीसकट सांगायची. आमची पंचवीस फुटी क्लास सी (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली मध्यम आकाराची आरव्ही) होती, साध्या लायसन्सवर चालते. पहिल्यांदाच जात असाल तर ‘पुल-थ्रू’ जागा मागा, म्हणजे एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येतं. थोडे डॉलर जास्त पडतात, पण अंधारात रिव्हर्स घेताना नवरा-बायकोचं जे होतं ते टळतं.

मुक्कामाची जागा मिळाली म्हणजे उद्यानात प्रवेश मिळाला असं मात्र नाही. आम्ही गेलो त्या वर्षी मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टाइम्ड एंट्रीचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत आत शिरायचा, परवाना लागत होता. त्याचे दोन प्रकार: एकात बेअर लेक तलावाकडे जाणारा बेअर लेक रोड येतो, दुसऱ्यात येत नाही. सप्टेंबरचे परवाने १ ऑगस्टला सकाळी आठ वाजता खुले झाले आणि बेअर लेकचे सकाळचे परवाने बघता बघता संपले. थोडे परवाने आदल्या दिवशी संध्याकाळी सातला सोडतात. आम्हाला बेअर लेकचा त्यातच मिळाला, नवरा आणि मी दोन फोन घेऊन बसलो होतो. परवान्याचे दोन डॉलर. गाडीचं प्रवेशशुल्क वेगळं, सात दिवसांचे ३५ डॉलर. भारतातून पाहुणे येणार असतील तर आणखी एक खर्च धरा: २०२६ पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला, वार्षिक पास नसेल तर, इथे वर आणखी १०० डॉलर मोजावे लागतात. आम्ही त्यातून वाचलो. हे नियम बदलत असतात, निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

आता खरी गंमत. गाडी जागेवर लावली, चाकांखाली ठोकळे देऊन पाणसळ पाहिली आणि बाबा पुढे झाले. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत. खांबावरची पेटी उघडून त्यांनी आधी ब्रेकर पाडला, मग व्होल्टेज अचानक वाढलं तर उपकरणं वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर, मग आमची जाडजूड केबल, आणि सगळ्यात शेवटी ब्रेकर वर. ‘तीस अँपिअर, एकशेवीस व्होल्ट. म्हणजे छत्तीसशे वॅट. गीझर धरून तुमचं काय काय चालतं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी प्रत्येक उपकरणामागचं लेबल वाचलं आणि कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं: छोटा हीटर १५००, किटली १५००, मायक्रोवेव्ह चौदाशेच्या आसपास. खाली दोन रेघा मारून ‘तिन्ही एकदम नाही’. आमचा ब्रेकर एकदाही पडला नाही. शेजारचे आजोबा हे सगळं खुर्चीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या गाडीचं काहीतरी दाखवायला बाबांना बोलावून घेऊन गेले. भाषेचं दोघांनाही काही अडलं नाही.

पाण्याच्या नळीला प्रेशर रेग्युलेटर लावाच. डोंगरातल्या पार्कांमध्ये दाब जास्त असू शकतो आणि गाडीतले पाइप नाजूक असतात. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी पडणार असेल तर नळी काढून ठेवायची आणि गाडीच्या टाकीतलं पाणी वापरायचं.

सांडपाण्याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून लिहिते. संडासाची काळी टाकी आणि बेसिन-आंघोळीची करडी टाकी वेगळी असते. नळी जोडली तरी काळीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. सतत उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट तेवढं तळाशी साचतं. टाकी बरीचशी भरली की आधी काळी सोडायची, मागून करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे, आणि ते कपडे वेगळे. आईंनी हे काम करणाऱ्याला आंघोळीशिवाय आत घ्यायचं नाही असा नियम केला. नवऱ्याने तो पाळला.

एस्टेस पार्क ७५२२ फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून दोन हजार फूट उंच. इथे पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजेना. कुकर नेला होता म्हणून वरणभात झाला. फोडणी मात्र बाहेर, लाकडी टेबलावर छोट्या गॅस शेगडीवर. आत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म बोंबलतो.

उद्यानात फिरायला आरव्ही हलवलीच नाही. मी आमची छोटी गाडी मागून चालवत आणली होती, ती कामी आली. गाडी नसेल तर गावातून उद्यानाची हायकर शटल असते. उद्यानातला ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांपर्यंत चढतो, झाडं केव्हाच खाली राहतात. आधी गावात झोपून शरीराला उंचीची सवय होऊ दिली आणि मगच वर गेलो. तरी आईंना वर दहा पावलं टाकून थांबावं लागलं. सप्टेंबर म्हणजे एल्कचा, इथल्या मोठ्या हरणाचा, माजाचा काळ. पहाटे एक भलामोठा नर गाड्यांच्या मधून चालत आला आणि बाथरूमच्या इमारतीसमोर उभा राहिला. टॉवेल घेतलेली माणसं दारातच अडकली. पंचाहत्तर फूट लांब राहायचा नियम आहे. तो राहील तर ना!

निघताना टाक्या रिकाम्या, प्रोपेन गॅस बंद, पायरी आत, छताची खिडकी बंद, हे सगळं बाबांच्या कागदाच्या मागच्या बाजूवर होतं. आरव्ही परत करण्याआधी पेट्रोल भरलं तेव्हा त्यांनी गॅलनचे लिटर आणि मैलांचे किलोमीटर करून हिशेब मांडला. लिटरला चार किलोमीटरसुद्धा नाहीत. ‘आपली एसटी याच्याहून बरी,’ म्हणाले, आणि नवऱ्याने पावती घडी करून खिशात घातली.