आखाजीला उरलेलं कस्टर्ड

आखाजीला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेला, आमचं घर भरतं. दोन्ही नणंदा पोरंसोरं घेऊन येतात, सणाच्या दिवशी घागर भरायची, पुरणपोळी, आमरस, कुरडया सगळं होतं आणि दुसऱ्या दिवशी मुलांचं एकच, मामी कस्टर्ड कर ना. मग घरच्या म्हशीच्या तीन लिटर दुधाचं पातेलं चढतं. आणि दरवर्षी उरतं, कारण आदल्या दिवशीचा रस अजून असतोच आणि उन्हानं कोणाला जेवणच जात नाही.

तीन वर्षांपूर्वी असंच दीड लिटरच्या आसपास उरलं होतं. केळी, द्राक्षं, डाळिंब सगळं घातलेलं, तसंच पातेलं झाकण लावून फ्रीजरमध्ये ठेवलं, वाटलं चार दिवसांनी काढू. काढलं तेव्हा वर पिवळसर पाणी आणि खाली ओल्या स्पंजसारखा गोळा, चमच्यानं दाबला की आणखी पाणी सुटायचं. केळीच्या चकत्या काळपट चिकट झालेल्या, द्राक्षं दाबली की नुसती सालं हातात येत होती. सगळं म्हशीपुढे ठेवावं लागलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "इतलं दूध वाया गयं व माय." त्या बोलून गेल्या पण मला ते फार लागलं, पहाटे उठून दूध काढणाऱ्या त्याच ना.

तेव्हापासून मी हे नीट समजून घेतलं. आपण जी कस्टर्ड पावडर वापरतो ती म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, त्यात रंग आणि व्हॅनिलाचा वास. ही पावडर 1837 मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी काढली, त्यांच्या बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. हे सांगते कारण इंटरनेटवर कस्टर्ड साठवायचं जे वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं अंड्याच्या कस्टर्डबद्दल असतं, ते वितळताना फाटतं. आपलं फाटत नाही, आपलं पाणी सोडतं. शिजताना कॉर्नफ्लोअरचे कण दूध पिऊन फुगतात म्हणून ते घट्ट होतं, पण गोठवून परत वितळवलं की त्यातला स्टार्च आकसून एकमेकाला चिकटतो आणि धरून ठेवलेलं पाणी बाहेर पडतं. कितीही भारी फ्रीज असू द्या, हे होणारच.

म्हणून आता फळं पातेल्यात घालतच नाही. कस्टर्ड साधं ठेवायचं, फळं वेगळ्या भांड्यात, ज्याला हवं त्यानं वाटीत घ्यायची. रावेर-यावल पट्ट्यातली माणसं आम्ही, केळी घरात घडानं असतात, ऐनवेळी कापायला दोन मिनिटं लागतात. फळं घातलेलं कस्टर्ड फ्रीजमध्येही दुसऱ्या दिवशीच पातळ आणि काळं पडायला लागतं, साधं मात्र तीन दिवस छान राहतं.

दुसरी गोष्ट उष्ट्या चमच्याची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या लाळेत स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे कोणी खाल्लेला चमचा परत भांड्यात बुडवला की घट्ट कस्टर्ड थोड्या वेळात ताकासारखं पातळ होतं. मी स्वतः पाहिलंय, भाच्यानं वाटीतलं अर्धं खाऊन ठेवलेलं, तासाभरानं वाटीत नुसतं पाणीच, आणि पातेल्यातलं तसंच घट्ट. सासूबाई लहानपणापासून सगळ्यांना उष्टं वाढायच्या भांड्यात घालू नका म्हणून ओरडतात ते किती बरोबर आहे. तर जे ठेवायचंय ते मुलं बसायच्या आधीच वेगळं काढा, मागून उरलेलं गोळा करून ठेवू नका.

थंड करायचं तेही पटकन. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, अशा उन्हाळ्यात दुधाचा पदार्थ बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवायचा नाही. मी परातीत माठाचं पाणी आणि बर्फ घालून त्यात पातेलं ठेवते, ढवळत राहते, मग छोट्या स्टीलच्या डब्यांत ओतते, मोठ्या पातेल्याचा मधला भाग फ्रीजमध्येही किती वेळ कोमटच राहतो. वर पापुद्रा येऊ नये म्हणून बटर पेपरचा गोल कापून थेट कस्टर्डवर चिकटवायचा आणि मग झाकण. झाकण घट्टच हवं, शेजारी ठेचा किंवा चिरलेला कांदा असला तर दूध तो वास लगेच ओढून घेतं. रात्रभर ओट्यावर राहिलेलं मात्र उकळून वापरू नका हो, जंतू मरतात पण काही जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. ते टाकायचंच, कितीही जीव तुटला तरी.

आता फ्रीजर. माझं म्हणणं एवढंच आहे की जे गोठवलं ते गोठलेलंच खायचं, परत कस्टर्ड करायला जायचं नाही. लिटरभर उरलेल्या कस्टर्डला अर्धी वाटी मिल्क पावडर, दोन-तीन चमचे घरची साय आणि थोडी साखर, कारण थंड झालं की गोडी कमी लागते, हे सगळं मिक्सरला फिरवायचं आणि स्टीलच्या छोट्या ग्लासांत भरायचं. वर बोटभर जागा सोडायची, गोठताना फुगतं. दोन तासांनी एकदा चमच्यानं हलवलं की बर्फाचे खडे कमी होतात, मग फॉइल लावून रात्रभर. खाताना ग्लास दोन्ही तळहातांत धरून फिरवला की कडेनं सुटते, मध्ये चमचा खोचून ओढायची, मस्त कुल्फी. वेलची घालू नका, पावडरमध्ये व्हॅनिलाचा वास असतोच, दोन्हींची चव मारली जाते. महिनाभर चांगली राहते, नंतर वर बर्फ धरतो आणि चव उतरते.

आणि कोणी आधीच साधं कस्टर्ड गोठवून बसलं असेल तर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, मिक्सरला फिरवा, थंड दुधात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवून त्यात घाला आणि मंद आचेवर ढवळत एक उकळी काढा. पहिल्यासारखं मऊ नाही होत पण ब्रेडच्या तुकड्यांवर ओतून खायला चांगलं लागतं. परत गोठवू मात्र नका.

लाइट गेली की फ्रीज उघडायचा नाही हे पोरांना दहा वेळा सांगावं लागतं, दार बंद असलं तर खालचा कप्पा चारेक तास थंड राहतो, फ्रीजर त्याहून जास्त. उघडझाप झाली की संपलं.

या आखाजीला अकरा ग्लास भरले होते. नणंदा जायच्या दिवशी दुपारी, झोक्यावरून उतरून आलेल्या पोरींनी आठ संपवले, दोन आम्ही दोघांनी. एक सासूबाईंसाठी ठेवलाय, त्यांना दात दुखतो म्हणून त्या तो वाटीत काढून, थोडा मऊ होऊ देऊन खातात.