वाइसची पेटी, काकूंची बॅग आणि किमतीचा हिशेब

शस्त्रक्रियेची जुनी हत्यारं जमवायची आणि त्यांची किंमत ठरवायची, हा माझा नाद. त्यातली दसऱ्याच्या आसपास हाती घेतलेली दोन कामं आता बऱ्यापैकी मार्गी लागली आहेत, म्हणून ही नोंद. एक, जालन्याच्या भंगारातून वाचलेली हातपाय कापायच्या शस्त्रक्रियेची पेटी. दुसरं, अंबाजोगाईच्या एका काकूंनी दाखवलेली त्यांच्या मामंजींची डॉक्टरी बॅग.

मराठवाड्यातलं कितीतरी लोखंडी भंगार जालन्याच्या भट्ट्यांत जातं आणि सळई होऊन बाहेर पडतं. जुन्या दवाखान्यांतलं सामानही त्यातच. तिथल्या एका शेठना मी सांगून ठेवलं आहे की कात्र्या-चिमटे असं काही आलं तर आधी मला फोन करा. त्यांचा फोन आला, "दादा, लाकडी पेटी हाये, पितळी पट्ट्यांची. काट्यावर घालू का ठिवू?" ठेवा म्हणालो आणि दुपारची गाडी धरली.

पेटी महोगनीची, कोपऱ्यांना पितळ, आत जांभळी मखमल. झाकणाच्या आतल्या लेबलवर जॉन वाइस अँड सन, २८७ ऑक्सफर्ड स्ट्रीट, लंडन. वाइस ही १७८७पासूनची पेढी. १८८३पर्यंत तिचं दुकान ६२ स्ट्रँडला होतं, मग ते ऑक्सफर्ड स्ट्रीटला गेलं. म्हणजे पेटी १८८३च्या आधीची असूच शकत नाही. आता दुसरी बाजू. सुऱ्यांच्या मुठी आबनुसाच्या, पकड बसावी म्हणून आडव्या-उभ्या रेघा कापलेल्या. १८८०च्या दशकाच्या अखेरीपासून हत्यारं वाफेत आणि उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची पद्धत रुळत गेली, आणि लाकडी मूठ त्यात टिकत नाही. म्हणून कारागीर अख्ख्या धातूच्या मुठीकडे वळले. लाकडी मुठीचा माल लगेच बंद झाला नाही, त्यामुळे वरची हद्द थोडी सैल धरावी लागते. तरी १८८३ ते १८९०च्या दशकाचा मध्य इतकं मी ठामपणे म्हणतो.

आत दोन लिस्टन सुऱ्या, लांब आणि एकधारी. एक कॅटलिन, दोन्ही बाजूंनी धारेची. ती लागते कोपराखाली आणि गुडघ्याखाली, जिथे दोन हाडं शेजारी असतात आणि मधलं मांस सोडवावं लागतं. रक्त थांबवायचा पेटीट पद्धतीचा पितळी पेच, त्याचा पट्टा कुजलेला. हाड तोडायची पक्कड. आणि करवत.

शंका आली ती करवतीनेच. सुऱ्या, कॅटलिन, पक्कड सगळ्यांवर वाइसचा ठसा. करवतीवर मात्र अर्नोल्ड अँड सन्स. भिंग घेऊन मखमल पाहिली. करवतीच्या खाचेत मखमलीचा रंग दोन प्रकारचा होता. जिथे मूळ करवत टेकलेली असायची तिथे लव दबलेली पण रंग गडद, बाकीकडे लव उभी आणि रंग उडालेला. त्या गडद आकृतीची पाठ सरळ आहे. आता पेटीत असलेल्या करवतीची पाठ बाकदार, आणि ती खाचेत बसवायला कुणीतरी कडेची लाकडी पट्टी कानसीने खाल्ली आहे. म्हणजे करवत मागाहून घातलेली. अर्नोल्डही लंडनचीच नावाजलेली पेढी, करवत एकटी असती तर मी आनंदाने घेतली असती. पण या पेटीत ती परकी आहे.

किमतीचा प्रश्न इथेच येतो. पूर्ण, एकाच कारागिराचा, आपल्याच पेटीतला संच हा सुट्या हत्यारांच्या बेरजेहून कितीतरी महाग असतो. त्यातलं मुख्य हत्यार बदललेलं निघालं, की मी पूर्ण संचाच्या निम्म्याखाली उतरतो. आणि तुलना करायची ती लिलावात प्रत्यक्ष लागलेल्या बोलीशी. विकणाऱ्याने मनाला येईल तो आकडा लिहिलेला असतो, त्याला भाव म्हणत नाहीत.

मी टूलरूममध्ये काम करतो, म्हणून धातूबद्दल दोन शब्द. बरेच जण लोहचुंबक लावून "चिकटलं, म्हणजे जुनं पोलाद" असं ठरवतात. हे चूक आहे. कात्र्या-सुऱ्यांसाठी जे स्टेनलेस वापरतात त्यालाही चुंबक चिकटतो. स्टेनलेस शेफील्डला हॅरी ब्रिअरलीच्या हातून १९१३मध्ये पुढे आलं, शस्त्रक्रियेच्या हत्यारांत ते त्यानंतर शिरलं. चुंबक फार तर पितळ आणि जर्मन सिल्व्हर वेगळं काढून देतो. त्यापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. निकेलचा मुलामा किंचित पिवळसर, उबदार दिसतो. क्रोमचा निळसर पांढरा. क्रोम दिसलं की १९२०च्या पुढे या. मग सांधा बघा. खिटीवरून दोन पाती सुटी होणारा चिमटा हा उकळून धुण्याच्या काळातला.

साफसफाईत मी हात आखडता घेतो. शिलाई मशिनचं तेल, बांबूची काडी, मऊ फडकं, एवढंच. पॉलिश पेपर लावला की ठशाच्या कडा जातात आणि मूळ घासणीच्या रेघाही. त्या परत येत नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात महोगनी तडकते, म्हणून पेटी पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. पावसाळ्यात पोलाद मखमलीत ठेवू नका, ती ओल धरते.

आता काकूंची बॅग. त्यांचे मामंजी निजामाच्या दवाखान्यात डॉक्टर होते. एका चिमट्यावर हाताने कोरलेली उर्दू अक्षरं आहेत. उर्दू ही तेव्हाच्या हैदराबाद राज्याची कारभाराची भाषा, त्यामुळे ती दवाखान्याची खूण असावी असा माझा कयास आहे. माझ्या लेखी लंडनच्या ठशापेक्षा ही खूण मोलाची. तसा ठसा जगभर मिळेल, ही खूण फक्त आपल्या मुलखात. दोन रक्तवाहिनीचे चिमटे सियालकोटचे, खाली "इंडिया". सियालकोट १९४७ला पाकिस्तानात गेलं, म्हणजे ते फाळणीआधीचे. बाजारात त्यांना फारसं कुणी विचारत नाही, मी मात्र असा एकही चिमटा सोडत नाही.

बॅगेत मोतीबिंदूच्या बारीक सुऱ्याही होत्या, पांढऱ्या मुठींच्या. मुठीचं टोक भिंगाखाली धरलं. हाडाला बारीक काळसर ठिपके असतात, इथे ते नव्हते. होत्या एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघा. हस्तिदंत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची खरेदी-विक्री बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. तेव्हा भाव शून्य. काकूंना तसं स्पष्ट सांगितलं, वन खात्यात विचारून घ्या म्हटलं, आणि त्या सुऱ्या त्यांच्याकडेच राहिल्या. कासवाच्या पाठीच्या मुठींचंही तेच. शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी पाठवायचा विचार असेल, तर १९७२चा पुरावस्तू कायदा आधी वाचा.

उरलेल्या बॅगेची किंमत मी काकूंना लिहून दिली, पण त्याआधी त्यांच्याकडून एक कागद लिहून घेतला: मामंजींचं नाव, कोणत्या दवाखान्यात होते, बॅग घरात कुठून कुठे फिरली, सही, तारीख. असा कागद नसेल तर "निजामाच्या डॉक्टरची" हे नुसतं बोलणं, त्यावर मी एक रुपयाही वाढवत नाही. भुलीचं क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित आहे हे तपासणाऱ्या १८८८-८९च्या हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशनचं नाव घेऊन लोक कुठलाही क्लोरोफॉर्मचा मुखवटा चढ्या भावात खपवू बघतात. कागद मागा.

एका विक्रेत्याने "सुश्रुतकालीन" म्हणून पितळी हत्यारांचा चकचकीत संच पुढे केला. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रं (म्हणजे बोथट हत्यारं) आणि २० शस्त्रं (धारेची) सांगितली आहेत, आणि यंत्रं बहुतेक लोखंडाची असतात असं तिथेच म्हटलं आहे. त्या संचावर आठ दिवसांपूर्वीच्या बफिंगची पूड अजून खोबणीत होती.

वाइसच्या पेटीला सरळ पाठीची, वाइसच्याच ठशाची करवत हवी आहे. गडद आकृतीची लांबी मूठ धरून पंधरा इंचांच्या आसपास भरते. कुणाकडे तशी असेल तर विकू नका, पण पाठीची जाडी, मुठीवरच्या खिळ्यांची संख्या आणि ठसा पात्यावर नेमका कुठे आहे तेवढं कळवा. चिमट्यावरची उर्दू अक्षरं वाचून देणारं कुणी छत्रपती संभाजीनगरात किंवा परभणीत असेल तर वस्तू घेऊन येतो.