आमची वाटचाल : रंग एकदाच लागतो

सांगलीत मारुती रोडच्या मागच्या गल्लीत आजोबांनी तासावर सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हापासूनच्या वह्या आमच्याकडे आहेत. फ्रेमचा नंबर, नेणाऱ्याचं नाव, वेळ. पुढे स्कूटरी आल्या, भाड्याचा धंदा बसला, वडिलांनी ओव्हरऑइल (सायकल खोलून साफसफाई, तेलपाणी) आणि पंक्चरवर घर चालवलं. मी २००८ पासून जुन्या सायकली जमवू लागलो. रॅले, हर्क्युलस, बीएसए, हंबर. दशकभर बरं चाललं.

२००५ च्या पुराची रेघ दुकानाच्या भिंतीवर होती. तिच्यावर दोन फूट सोडून मी पोटमाळा घातला आणि २३ सायकली वर चढवल्या. शेजारी म्हणायचे, एवढं कशाला? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं आणि माझा हिशेब जेमतेम दीड-पावणेदोन फुटांनी चुकला. म्हणजे नेमकं चाकाच्या मधलं हब आणि बीबी (पॅडलचा आस जिथं फिरतो तो भाग) पाण्यात, सीट कोरडी. आठवडाभरानं शटर उघडलं तर सगळ्या सायकलींना एकाच उंचीवर गाळाची रेघ.

पुरात सापडलेली सायकल पाइपच्या जोरानं धुऊ नका. आमच्या गल्लीतल्या शहाण्यांनी तेच केलं, उरलासुरला गाळ थेट छर्‍यांत गेला. आधी सगळं खोला. छर्रे, त्यांना धरणारे कोन, एक्सल डिझेलमध्ये टाका. स्टर्मी-आर्चरचा थ्री-स्पीड, म्हणजे आत तीन गिअर असलेला हब असेल तर घाबरू नका. ते आतलं यंत्र आपल्या मिक्सरपेक्षा मजबूत असतं. हबच्या बाहेरच्या कवचावर सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, ते मात्र तारेच्या ब्रशनं घासू नका. निकलवरच्या गंजाला चुरगाळलेला अॅल्युमिनियमचा कागद आणि तेल पुरतं. रंगावर फक्त शिलाई मशीनचं तेल, मऊ फडकं आणि दम धरायची तयारी. ब्रुक्सचं कातडी सीट भिजलं असेल तर सावलीत वाळवा. ओल्यावर बसलात की झोळी झालीच म्हणून समजा.

पण डिझेललाही पैसे लागतात. बँकेचा हप्ता थांबत नव्हता. त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरातला एक व्यापारी आला. नाव लिहीत नाही, या धंद्यातले ओळखतील. पायात नवे बूट, गाळ लागू नये म्हणून दारातच उभा. “भंगाराच्या भावापेक्षा वर देतो,” म्हणाला. मी १४ सायकली दिल्या. रात्री झोप आली नाही, हेही लिहून ठेवतो.

दिवाणजींची सायकल त्यानं मागितली होती. दिवाणजी हळदीच्या अडतीत कामाला, हरिपूरहून मार्केट यार्डात रोज त्याच रॅलेवर. सीटच्या शिवणीत हळद इतकी मुरलेली की पुरानंतरही पिवळी दिसत होती. दर दसऱ्याला ओव्हरऑइलला आमच्याकडंच, वडिलांपासून. त्या वर्षी श्रावणातच आणून टाकली होती, त्यामुळं ती पोटमाळ्यावर नव्हती, खाली होती. पूर्ण बुडाली. मी मान खाली घालून सांगितलं, तर म्हणाले, “२००५ ला आमची जमिनीखालची हळदीची पेवं गेली, तेव्हा तुझ्या वडिलांनी चार महिने पैसे मागितले नव्हते. तू सायकल उघड. रंगाला हात लावू नको.” आणि मजुरी आगाऊ दिली. त्या पैशांत माझा पहिला डिझेलचा कॅन आला.

पाचेक महिन्यांनी व्यापाऱ्याची जाहिरात कुणीतरी मोबाईलवर दाखवली. चकचकीत काळी रॅले, जाड सोनेरी रेघा, खाली लिहिलेलं : शंभर टक्के ओरिजिनल. किंमत माझ्या सहापट. सीटखालच्या नंबराचा फोटोही होता. वही काढली. तीच. माझी रॅले हिरवी होती! पावडर कोटिंगच्या भट्टीत घालायच्या आधी रंग खरवडावा लागतो, ट्रान्सफर (कंपनीची छापील नक्षी), हातानं ओढलेली रेघ, सगळं जातं. मी फोन केला. “गिऱ्हाइकाला चकाकीच हवी असते,” म्हणाला. खरं असेलही. मग ओरिजिनल कशाला लिहायचं?

त्याच्याकडं आज मोठी शोरूम आहे. माझ्याकडं पुन्हा १९ सायकली जमल्यात, त्यातल्या ९ पुरातून वाचलेल्या. त्यांची गाळाची रेघ मी पुसलेली नाही.

गेल्या महिन्यात पुण्याचा एक मुलगा काळी रॅले घेऊन आला. बीबी हलते म्हणाला. उघडली. रॅलेच्या बीबीला इंचाला २६ आटे, बाकीच्या बहुतेकांना २४. कुणीतरी बाजारातला कप दाबून बसवला होता, आटे पार खाल्लेले. नंबर बघितला आणि वही काढायची गरज पडली नाही. मुलाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग मी पुढचा बगळ्याचा बिल्ला हलक्या हातानं सोडवला, कारण तो भट्टीच्या आधी कुणी काढलाच नसावा असं मला वाटत होतं. खाली दोन बोटं रुंद हिरवा रंग होता. मुलगा म्हणाला, “काका, बिल्ला आत्ताच लावू नका.”