ट्रिनिदाद: 'व्हिसा लागत नाही' ही अर्धीच गोष्ट आहे

भारतीय पासपोर्टवर ट्रिनिदाद आणि टोबॅगोला फिरायला जायला व्हिसा लागत नाही, ९० दिवसांपर्यंत आरामात राहता येतं. हे शंभर टक्के खरं आहे, आणि तरीसुद्धा आमचं जाणं दोनदा बोंबलायची वेळ आली. म्हणून लिहितोय. परत येऊन तीन दिवस झालेत, झोपेचं चक्र अजून उलटंसुलटं आहे, रात्री अडीचला टाइप करतोय, त्यामुळे कुठे चिडल्यासारखं वाटलं तर ते आहेच.

आम्ही म्हणजे मी आणि बाबा. बाबा ६८ वर्षांचे, ठाण्यातून बाहेर पडायचं म्हटलं की गुडघे आठवतात, पण तिथल्या राजधानीतलं, पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बघायचं हे गेली कित्येक वर्षं चाललेलं. १९७१ ला ते चौदा वर्षांचे होते, वाडेकरांच्या टीमने तिथे वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं, गावसकरची पहिली टेस्ट, ६५ आणि नाबाद ६७, सरदेसाईंचे ११२. हे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ आहेत. तर म्हटलं, चला, एकदा होऊनच जाऊ दे.

चूक नंबर एक, एजंटकडे गेलो. त्याने 'व्हिसा फ्री आहे साहेब, काही टेन्शन नाही' असं म्हणत आमच्याकडून माणशी ९,५०० रुपये 'एंट्री डॉक्युमेंटेशन' म्हणून घेतले. त्यात काय होतं सांगू? हॉटेलच्या बुकिंगची प्रिंट, तिकिटाची प्रिंट आणि एक कव्हरिंग लेटर, ज्यात बाबांच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. बस. ज्या देशाला व्हिसा लागत नाही तिथल्या 'डॉक्युमेंटेशन'चे कोणी पैसे मागितले तर सरळ उठून या.

पण ते पैसे गेले त्याचं इतकं नाही. खरा घोळ तिकिटात होता. भारतातून तिकडे थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं, आणि व्हिसाचं सगळं झेंगट त्या 'कुठेतरी'मध्ये आहे. त्याने आम्हाला लंडनमार्गे काढून दिलं, उतरायचं हीथ्रोला आणि पुढचं विमान गॅटविकहून. कॅरिबियनची बरीच विमानं गॅटविकहून सुटतात. आता हीथ्रो ते गॅटविक म्हणजे बाहेर पडायचं, इमिग्रेशन करायचं, बस पकडायची, म्हणजे ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा आलाच. आणि एकाच एअरपोर्टवर आतल्या आत बदललं तरी भारतीयांना तिथे वेगळा एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिका किंवा कॅनडा वगैरेचा चालू व्हिसा असेल तरच सूट, तीही अटी वाचून. हे मला कोणी सांगितलं? ऑफिसमधल्या एका मुलीने, डबा खाताना. एजंटला फोन केला तर म्हणे 'हो सर, ते तर लागणारच, तुम्ही विचारलं नाहीत'. तिकीट रद्द केलं, माणशी २२ हजार कापले गेले.

तर मार्गाचं थोडक्यात. अमेरिकेमार्गे स्वस्त दिसतं, मायामी नाहीतर न्यूयॉर्क, पण अमेरिकेत व्हिसाशिवाय ट्रान्झिट हा प्रकारच नाही, एक तासासाठी उतरलात तरी पूर्ण इमिग्रेशन. आधीपासून अमेरिकेचा व्हिसा असेल तर डोळे झाकून हा मार्ग घ्या, नसेल तर फक्त ट्रान्झिटसाठी त्या रांगेत उभं राहू नका. कॅनडामार्गे गेलात तर ट्रान्झिट व्हिसाची फी नाही, पण अर्ज करायचा, वाट बघायची हे आहेच. आम्ही शेवटी अ‍ॅमस्टरडॅममार्गे गेलो. तिथे भारतीयांना आतल्या आत विमान बदलायला व्हिसा लागत नाही, पण नीट वाचा: पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर पाहिजे, सामान मुंबईहून थेट शेवटपर्यंत टॅग झालेलं पाहिजे, आणि मध्ये युरोपातलं दुसरं कुठलंही शहर नको. दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवायला गेलात की बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं आणि बाहेर यायला युरोपचा शेंगेन व्हिसा लागतो. युरोपातल्या सगळ्या एअरपोर्टला हाच नियम असतो असं समजू नका, देशागणिक वेगळा आहे.

आता मुख्य गोष्ट, जी कुठल्याच 'व्हिसा फ्री देशांच्या यादी'त लिहिलेली नसते. यलो फीव्हर, म्हणजे डासांमुळे पसरणारा पीतज्वर, आणि त्याची लस.

ट्रिनिदादला जाताना भारतातून गेलेल्या माणसाला ही लस कोणी विचारत नाही. विचारतात परत येताना, आपल्याच एअरपोर्टवर. यलो फीव्हरच्या देशांची जी यादी भारत सरकारने केलीय त्यात ब्राझील, पेरू, गयाना वगैरेंबरोबर ट्रिनिदाद आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं पुस्तक, म्हणजे सर्टिफिकेट, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. स्वतःच्या देशात, स्वतःच्या घरापासून पंचवीस किलोमीटरवर. मला हे कळलं तेव्हा निघायला सोळा दिवस राहिले होते आणि सर्टिफिकेट लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. म्हणजे निघायच्या आधीच लागू व्हावं म्हटलं तर हातात सहा दिवस. त्यात ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य ठराविक केंद्रांवरच, ठराविक वारी, मोजक्याच माणसांना, कारण एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती फोडली की सगळे त्याच दिवशी टोचावे लागतात. एक मध्यस्थ भेटला, तो 'स्लॉट काढून देतो' म्हणून २,५०० मागत होता. दिले नाहीत. रोज सकाळी स्वतः खटपट केली आणि चौथ्या दिवशी मिळाला, सरकारी केंद्रावर माझे ३०० रुपये लागले.

आणि बाबांचा प्रश्न वेगळाच. साठीच्या पुढच्यांना ही लस द्यायची की नाही याचा डॉक्टर जास्त विचार करतात, जिवंत लस आहे, दुष्परिणामाचा धोका वयाबरोबर वाढतो. अंड्याची अ‍ॅलर्जी, स्टिरॉइडच्या गोळ्या, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमसचा काही आजार, हे सगळं विचारतात. डॉक्टरांनी बाबांची फाइल दहा मिनिटं चाळली आणि मी तिथे मनात तिकिटाचे पैसे मोजत बसलो होतो. बाबा मात्र त्यांना त्याच टेस्टमध्ये दुराणीने सोबर्सला कसा बोल्ड काढला ते सांगत होते. शेवटी दिली. संध्याकाळी थोडा ताप, दुसऱ्या दिवशी ठीक. पण तुमच्याबरोबर आईवडील असतील तर तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना विचारा, नंतर नाही. डॉक्टरांनी नको सांगितलं तर एक पळवाट आहे, परतीच्या वाटेवर दुसऱ्या कुठल्या देशात, जो त्या यादीत नाही, सहा दिवसांपेक्षा जास्त राहून यायचं. खर्च वाढतो, त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, पण होतं.

लस एकदाच घ्यायची, २०१६ पासून सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, आधी दहा वर्षं होतं. पुस्तकावर पासपोर्ट नंबर असतो तो तिथेच उभं राहून तपासा. माझ्यावर शेवटचा आकडा चुकला होता, लगेच बदलून घेतला. फोटो काढून ठेवा, पण दाखवायला मूळ पुस्तकच न्या.

मुंबईचा चेक-इन काउंटर. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ट्रिनिदादचा व्हिसा दाखवा. मी म्हटलं लागत नाही. ती म्हणाली असं कसं. मागे रांग वाढतेय, बाबा ट्रॉलीवर बसलेत, मी फोनवर नियम शोधतोय. पन्नास मिनिटं. तिथे वाद घालायचा नसतो हे मला उशिरा सुचलं, फक्त एवढंच म्हणायचं: 'टिमॅटिकमध्ये बघता का प्लीज, राष्ट्रीयत्व भारत, शेवटचा देश ट्रिनिदाद.' एअरलाइनवाले त्याच सिस्टीमवर नियम बघतात. सुपरवायझर आला, त्याने चार बटणं दाबली आणि दोन मिनिटांत बोर्डिंग पास हातात. चार तास आधी पोचा, तीन पुरत नाहीत.

ट्रिनिदादच्या पियार्को एअरपोर्टला उतरल्यावर काहीच झालं नाही. अक्षरशः काहीच नाही. परतीचं तिकीट, राहायचा पत्ता, किती दिवस, कशाला आलात. बाबा म्हणाले 'क्वीन्स पार्क ओव्हल', तो ऑफिसर हसला, त्याने 'गावस्कार' म्हटलं आणि शिक्का मारला. पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक ठेवा आणि मुक्कामाचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून ठेवा, नुसतं गेस्टहाउसचं नाव पुरत नाही. एवढ्याशा दोन मिनिटांसाठी महिनाभर रक्त आटवलं होतं.

बाहेर आलो आणि लगेच लुटलो गेलो, शहरापर्यंत टॅक्सीचे ५० अमेरिकन डॉलर. परतताना गेस्टहाउसवाल्या काकांनी ३० मध्ये सोडलं. आधी भाव ठरवा, आणि टीटी (म्हणजे तिथलाच, ट्रिनिदाद-टोबॅगोचा) डॉलर की अमेरिकन हे स्पष्ट विचारा, एका अमेरिकन डॉलरला पावणेसात टीटीच्या आसपास मिळतात, नुसतं 'डॉलर' म्हणणारा तुमच्या बाजूने बोलत नसतो. दिवसा मॅक्सी टॅक्सीने, म्हणजे तिथल्या मिनीबसने फिरा, पट्ट्याच्या रंगावरून मार्ग कळतो, पोर्ट ऑफ स्पेनच्या बाजूला पिवळा, पूर्वेला लाल. शेअर टॅक्सी असेल तर नंबरप्लेट एच ने सुरू होते का बघा, नसेल तर बसू नका. रात्री उगाच हिंडू नका, हे तिथल्याच लोकांनी आम्हाला दहा वेळा सांगितलं.

शाकाहाऱ्यांनी काळजी करू नका, डबल्स खा, दोन 'बारा', म्हणजे तळलेल्या मऊ पुऱ्या, आणि मध्ये चना, सकाळी गाडीवर. 'पेपर', म्हणजे तिखट, किती असं विचारलं तर 'स्लाइट' म्हणा. बाबा तिखट खाणारे म्हणून 'फुल' म्हणाले आणि अर्धा तास बोलले नाहीत. कारापिचाइमाला दत्ताचं देऊळ आहे, समोर ८५ फुटी मारुती, दत्त म्हटल्यावर आमच्या घरी वेगळं सांगावं लागत नाही. टोबॅगोला चार दिवस छान गेले, समुद्र समुद्रासारखा होता, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कार्निव्हलच्या आठवड्यात जाऊ नका, म्हणजे त्यासाठीच जात असाल तर जा, पण राहायचे भाव खाली बसून ऐका.

ओव्हलवर मॅच नव्हती. रखवालदाराने आत सोडलं, बाबा स्टँडमध्ये बसले, तासभर बसले. मी फोटो काढायला गेलो तर म्हणाले, अरे थांब जरा.

परत मुंबईला हेल्थ काउंटरवर पिवळं पुस्तक चार सेकंद बघितलं. आमच्या मागच्या जोडप्याला बाजूला घेतलं, त्यांच्याकडे ते नव्हतं, पुढे काय झालं माहीत नाही, ती बाई नवऱ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मात्र दिसली.

बाबांनी काल जेवताना जमैकाचा विषय काढला, तिथलं सबिना पार्क मैदान, सरदेसाईंचे २१२. जमैकाला आपल्याला ३० दिवस व्हिसा लागत नाही आणि यलो फीव्हरच्या यादीत ते नाही, एवढं ताट बाजूला सारायच्या आधीच बघून झालं. आता ट्रान्झिट कुठून ते बघतोय.