चौथी मी

लंडनच्या उत्तरेला आमचा तीसेक जणांचा धावण्याचा क्लब. क्रॉस कंट्री (रस्ता सोडून माळरानातून, चढउतारांवरून धावायच्या शर्यती) लीगचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे नेमका चिखलाचा. बायकांच्या चार जणींनी शर्यत पुरी केली तरच संघ धरतात. चौघींच्या क्रमांकांची बेरीज जितकी कमी तितकं बरं. आमच्याकडे धावणाऱ्या मोजून चार, आणि चौथी मी. म्हणजे सर्दीसुद्धा परवडत नाही.

डिसेंबरातल्या शर्यतीच्या आदल्या रात्रीपासून पाऊस. मी बुटांना ९ मिलिमीटरचे खिळे लावून गेले. सेक्रेटरीबाईंनी (वय ६७, अजून धावतात, पुरुषांच्या चुका काढतात) तळवे पाहिले आणि काही न बोलता पिशवीतून पाना आणि १५ चे खिळे काढले. तरी दुसऱ्या फेरीत डावा बूट चिखलानं गिळलाच. भोरकडची मी, भातलावणीच्या चिखलात वाढले. पण तिथे चपला बांधावर काढूनच उतरतात! बूट उपसून पायात कोंबेपर्यंत अकरा जणी पुढे गेल्या. मोजल्या मी.

चौघींचे क्रमांक ६१, ८८, १४३ आणि १८७. बेरीज ४७९, शेवटून दुसरे.

जानेवारीत सरावाला पार्लमेंट हिल या लंडनमधल्याच टेकडीवर गेलो. इंग्लंडची २०२२ ची राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा इथलीच. सुरुवातीलाच अंगावर येणारा चढ. अर्ध्यावर मी चालायला लागले. वर सेक्रेटरीबाई लिंबाचा केक घेऊन उभ्या होत्या, पण डबा मी पोचल्यावरच उघडला.